खरा की खोटा, एवढं तरी कळवा

प्रति,
मेंदूला सौम्य वीजप्रवाह देऊन उपचार शोधणारे संशोधक, एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिसच्या) रुग्णांना तपासणारे न्यूरोलॉजिस्ट आणि उपचारांच्या मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्या समित्या यांस,

स. न. वि. वि.

२०१६ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात एक खुलं पत्र छापून आलं होतं. लिहिणारे तुमच्यातलेच, मेंदूचे अभ्यासक. घरच्या घरी बॅटरीला स्पंज जोडून स्वतःच्या डोक्याला करंट देणाऱ्या हौशी मंडळींसाठी ते होतं. त्यात दटावणी नव्हती, समजावणी होती. वीज फक्त स्पंजाखालच्या जागेपुरती राहत नाही. एका कामात मेंदू सुधारला तर दुसऱ्या कामात त्याची किंमत मोजावी लागू शकते. एकाला मानवतं ते दुसऱ्याला उलटंही पडू शकतं. आणि शेवटी एक मुद्दा होता: आजार असलेल्या माणसाचा धोक्या-फायद्याचा हिशेब वेगळा, धडधाकट माणसाचा वेगळा.

मला सगळं पटलं. म्हणूनच मी घरी बॅटरी जोडली नाही. पण शेवटच्या मुद्द्याचं पुढे काय झालं, ते विचारायला हे पत्र लिहिते आहे. आमचा हिशेब वेगळा आहे असं तुम्हीच म्हणालात. मग तो मांडला कुणी, आणि कुठे?

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे शरीर स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावर हल्ला करतं तो आजार. निदानाला अकरा वर्षं झाली. मी गणित शिकवायचे. आता शिकवत नाही, आणि त्याचं कारण पाय नव्हेत. पाय अजून बरे आहेत. एके दिवशी फळ्यावर समीकरणाची डावी बाजू लिहिली, बरोबरचं चिन्ह काढलं आणि थांबले. हातात खडू, वर्ग गप्प, आणि उजवीकडे काय लिहायचं ते सापडेना. विसरले म्हणावं तर तसंही नाही. उत्तर होतं कुठेतरी, पण माळ्यावर चढून एखादी वस्तू काढून आणावी इतका वेळ लागत होता. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, “बाई, उणे सात.” बरोबर होतं तिचं. मी ते लिहिलं आणि तास पुढे नेला. पण त्यानंतर प्रत्येक तासाला मी त्या मुलीकडे आधी बघायला लागले, आणि वर्ष संपताना राजीनामा दिला.

त्याच सुमारास नेहमीची तपासणी होती. पंचवीस फूट चालून दाखवलं. गुडघ्यावर हातोडी बसली. डोळे मिटून बोट नाकाला लावलं. फाईलवर ईडीएसएस २ असा आकडा पडला आणि वर शाबासकी मिळाली, “छान, स्थिर आहात.” वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते, ईडीएसएस म्हणजे ० ते १० अशी अपंगत्वाची मोजपट्टी. कर्ट्झके यांनी १९८३ मध्ये ती आजच्या रूपात मांडली. त्यात मनाच्या कामांसाठी एक रकाना आहे, नाही असं नाही. पण ४ च्या पुढे आकडा हलतो तो मुख्यतः माणूस किती चालू शकतो यावर. ६ ला काठी, ७ ला चाकांची खुर्ची. माझा पेशा गेला आणि पट्टीवरचा माझा आकडा होता तिथेच राहिला. गणिताच्या बाईला याचं हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

माझं पहिलं गाऱ्हाणं इथेच आहे आणि ते विजेबद्दल नाही. तुम्ही आमचं डोकं मोजतच नाही. फ्रेंच न्यूरोलॉजिस्ट शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं स्पष्ट चित्र रेखाटलं. रुग्णांची स्मरणशक्ती क्षीण होते, कल्पना सावकाश तयार होतात, हे त्यांच्या व्याख्यानांतच आहे. आज साधारण ४० ते ६५ टक्के एमएस रुग्णांत आकलन, लक्ष किंवा स्मरण यांत उणेपण चाचणीत दिसतं असं तुमचेच लेख सांगतात, आणि आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं ते जवळपास निम्म्यांना. मोजायला काय लागतं? एसडीएमटी नावाची चाचणी आहे. वर नऊ खुणा आणि त्यांचे नऊ अंक, खाली नुसत्या खुणांच्या ओळी, आणि नव्वद सेकंदांत जमतील तितके अंक सांगायचे. नव्वद सेकंद! सुरुवातीलाच ही किंवा अशीच एखादी चाचणी घ्या आणि दर वर्षी पुन्हा घ्या, अशी शिफारस २०१८ मध्ये तज्ज्ञांनी केली. अकरा वर्षांत ती माझ्यासमोर दवाखान्यात एकदाही आली नाही. पहिल्यांदा आली ती संशोधनात, तीही नोकरी सोडल्यानंतर. त्यामुळे मी किती घसरले हे आज कुणीच सांगू शकत नाही, कारण मी कुठून घसरले हे कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.

आता औषधांविषयी, थोडक्यात. १९९३ मध्ये इंटरफेरॉन बीटा आलं, नंतर त्याहून ताकदीची कितीतरी औषधं आली. ती नवे अ‍ॅटॅक कमी करतात. मी त्यांच्याविषयी कृतज्ञच आहे. पण डोक्यातलं धुकं आणि तो थकवा त्यांनी जात नाही. थकव्यासाठी वर्षानुवर्षं लिहून दिल्या जाणाऱ्या अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट या तीन गोळ्यांची १४१ रुग्णांवर नीट तुलना झाली. २०२१ मध्ये निकाल आला: साखरेच्या गोळीपेक्षा एकही सरस नाही, त्रास मात्र जास्त. स्मरणासाठी डोनेपेझिल १२० जणांवर तपासलं गेलं, तेही २०११ मध्ये बाद ठरलं. तेव्हा आम्ही विजेकडे वळतो ते नवलाई म्हणून नव्हे. बाकीची कपाटं उघडून झाली आहेत.

म्हणून मी एका अभ्यासात नाव दिलं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका संस्थेची नाही. टीडीसीएस म्हणजे कवटीबाहेरून दिलेला एकदिश, सौम्य प्रवाह. तो घरी घ्यायचा होता, पण व्हिडिओवर कुणीतरी समोर असताना. घरी कळल्यावर आईचा पहिला प्रश्न, “डोक्याला शॉक देणार तुझ्या?” तिला समजावताना मला स्वतःलाही नीट समजलं. भूल देऊन, झटका आणून जो शॉक देतात त्याचा प्रवाह साधारण ८०० मिलिअँपिअर. हा २. त्यातला बराचसा टाळूच्या कातडीवरूनच निघून जातो, जेमतेम काही भाग आत पोचतो. मज्जापेशींना तो जबरदस्तीने पेटवत नाही. पेटण्याच्या उंबरठ्याजवळ त्यांना थोडंसं सरकवतो, एवढंच. पॉलस आणि निट्शे यांनी २००० मध्ये दाखवलं की काही मिनिटांचा असा प्रवाह थांबवल्यावरही मेंदूच्या हालचाल-केंद्राची उत्तेजितता काही काळ बदललेली राहते. पुढचं सगळं संशोधन त्यावर उभं आहे.

रोज सकाळी एक पट्टा डोक्याला. त्याला स्पंजाचे दोन खिसे, मीठपाण्यात भिजवलेले. एक डाव्या कपाळाच्या वर, एक उजव्या. स्पंज कोरडा राहिला तर चटका बसतो, जास्त ओला झाला तर पाणी भुवईवरून डोळ्यात. आठवडाभरात हात बसला. पडद्यावरची बाई संपर्क नीट आहे का बघायची आणि मग त्या दिवसाचा आकडी कोड सांगायची. तो दाबल्याशिवाय यंत्र सुरूच होत नसे आणि वीस मिनिटांनी ते आपोआप बंद व्हायचं. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात प्रवाह हळूहळू चढतो तेव्हा कपाळावर मुंग्या धावतात, मग खाज येते, मग काही नाही. त्या वेळात संगणकावर खुणा जुळवायच्या, आकडे उलटे म्हणायचे. वीस दिवस, वीस मिनिटं. पट्टा काढल्यावर आरशात डावीकडे एक लाल चौकोन दिसायचा, तासाभरात मावळायचा.

तुलनेसाठी काही सहभागींना नुसता दिखाव्याचा, खोटा प्रवाह देतात. मला खरा मिळाला की खोटा, हे मला माहीत नाही. खोट्यातही सुरुवातीचं अर्धं मिनिट प्रवाह चढवून उतरवतात, म्हणजे मुंग्या सगळ्यांनाच येतात. ही युक्ती आवश्यक आहे हे मला कळतं, तिच्याबद्दल तक्रार नाही. त्या चार आठवड्यांत दुपारी तीनचा तो कोसळण्याचा क्षण बऱ्याचदा आलाच नाही. एका संध्याकाळी वर्तमानपत्रातला लांबलचक लेख मी एका बैठकीत संपवला. कदाचित ती विजेची करामत असेल. कदाचित रोज सकाळी कुणीतरी “काल झोप लागली का?” असं मनापासून विचारत होतं, त्याचा गुण असेल. दोन्हींतलं काय, हे मला जाणून घ्यायचं आहे. तुम्हालाही घ्यायचं असणार, नाहीतर अभ्यास केलात कशाला?

यंत्र परत गेलं. सात महिन्यांनी ईमेल आलं, दोन ओळींचं. अभ्यास पूर्ण झाला, सहभागाबद्दल आभार. मी विचारलं, माझा गट कोणता? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. “निष्कर्ष गटपातळीवरच मांडले जातील.” कधी? उत्तर नाही. कुठे? नाही. हे पत्र त्या दोन ओळींमुळे लिहिलं जातंय हे कबूल करते. राग शमायला मध्ये बरेच दिवस जाऊ दिले आहेत.

रागाच्या त्या दिवसांत मी मिळेल ते वाचलं. एका परिच्छेदाला तीन फेऱ्या, पण वाचलं. आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या बाबतीत झालं तो अपवाद नव्हे, रिवाजच आहे. २०१६ मध्ये मॅटिओली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला: लक्ष देण्याच्या सरावासोबत डाव्या पुढच्या भागावर प्रवाह, आणि काही चाचण्यांतली सुधारणा सहा महिन्यांनीही टिकलेली. किती जण? वीस, दोन्ही गट मिळून. २०१८ मध्ये चार्वेट आणि सहकाऱ्यांनी घरच्या घरी, व्हिडिओवरच्या देखरेखीखाली वीस सत्रं दिली, थकवा कमी झाला. खऱ्या-खोट्याची तुलना सत्तावीस जणांत. त्याआधी २०१४ मध्ये आणखी एका गटाने जवळपास त्याच जागी प्रवाह दिला आणि थकव्यावर फरक दिसला नाही. कुणी हालचाल-केंद्रावर देतं, कुणी स्पर्श-केंद्रावर, कुणी कपाळावर. कुणी दीड मिलिअँपिअर, कुणी दोन. कुणी पाच दिवस, कुणी वीस. प्रत्येक लेखाच्या शेवटी मात्र तेच वाक्य: मोठ्या अभ्यासाची गरज आहे. मग तो करणार कोण? मी?

मी काही या लोकांना नावं ठेवत नाही. त्यांनी हात तरी घातला. पण वीस-वीस जणांच्या अभ्यासांनी ‘हो’ही म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही, आणि या मधल्या जागेत आम्ही वर्षं काढतो आहोत.

नैराश्याच्या बाबतीत मोठे अभ्यास झाले आहेत, आणि ते वाचताना मला असूया वाटली. २०१७ मध्ये २४५ जणांवर एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या गोळीशी तुलना झाली: प्रवाह खोट्या उपचारापेक्षा चांगला, पण गोळीच्या बरोबरीचा आहे असं सिद्ध झालं नाही. २०२३ मध्ये जर्मनीतल्या अनेक केंद्रांनी मिळून गोळीच्या जोडीला प्रवाह देऊन पाहिला, फरक पडला नाही. २०२४ मध्ये १७४ जणांनी घरी दहा आठवडे घेतला, आणि खरा प्रवाह सरस ठरला. एक हो, एक नाही, एक अर्धं. चालेल! तिथे निदान वाद घालण्याइतका पुरावा आहे. पण अशा अभ्यासांत मेंदूचा आजार असलेल्यांना सहसा घेतच नाहीत. आणि एमएसच्या अभ्यासांत बऱ्याचदा तीव्र नैराश्य असलेल्यांना वगळतात. ज्याला एमएसही आहे आणि नैराश्यही, म्हणजे आमच्यातला जवळपास दर दुसरा माणूस, तो दोन्ही दारांबाहेर.

त्यांचा निकाल आम्हाला जसाच्या तसा लावता येतो का, हेही कुणी नीट बघितलेलं नाही. या आजारात मेंदू हळूहळू आक्रसतो, भोवतीचं पाणी वाढतं, आणि पाणी विजेला स्वतःकडे ओढतं. चट्टे पडलेल्या जागी वीज वाहण्याची रीतही बदलते. तरी आकडा सगळ्यांना एकच, २ मिलिअँपिअर. आमचे एमआरआय तर दर वर्षी होतात. त्या फिल्मवरून कुणाच्या मेंदूत किती प्रवाह पोचेल हे संगणकावर काढता येतं, तसं काढणारेही तुमच्यात आहेत. पण त्या गणिताचा आमच्या पट्ट्याशी संबंध कुणी लावत नाही. हे गणित मला आजही आवडलं असतं.

सुरक्षिततेचं कारण पुढे करू नका. २०१६ पर्यंतच्या ३३,००० हून अधिक सत्रांचा आढावा निघाला तेव्हा गंभीर इजा एकही नोंदलेली नव्हती. खाज, लाली, डोकेदुखी, क्वचित भाजल्याचा डाग. खबरदारी हवीच: एमएसमध्ये फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, कुणाच्या डोक्यात धातू असतो, हे आधी विचारायलाच हवं. पण ‘धोका आहे’ आणि ‘आम्ही बघितलं नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत.

तुम्ही बघत नाही तोवर बाजार बघतो. डोक्याला लावायचे पट्टे आज विकत मिळतात, लक्ष वाढवतो, मूड सुधारतो अशा जाहिरातींसकट. माझ्या ओळखीच्या एका रुग्णाने घेतला. स्पंज कुठे ठेवायचा ते त्याने एका व्हिडिओवरून शिकून घेतलं, आणि न्यूरोलॉजिस्टला सांगितलं नाही कारण “ते हसतील.” मी त्याला तुमचं २०१६ चं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, “मग त्यांनी दुसरं काय दिलंय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. असेल तर तुम्ही द्या.

मागणं मोठं नाही. प्रत्येक तपासणीत पंचवीस फुटांच्या चालीइतकीच ती नव्वद सेकंदांची चाचणी आणि नैराश्याचे चार प्रश्न सक्तीचे करा, आणि आकडा आमच्या हातात द्या. निदानाच्या दिवसापासून. उद्या कोणताही उपचार आला, विजेचा असो वा गोळीचा, तर तो लागू पडला की नाही हे ठरवायला पहिला आकडा लागेलच.

अनेक केंद्रांनी एकत्र येऊन एकच अभ्यास करा, शेकडो जणांचा. जागा, प्रवाह, सत्रांची संख्या आणि प्रवाह चालू असताना रुग्णाने काय करायचं हे आधी जाहीर करून. थकवा, नैराश्य आणि आकलन तिन्ही एकाच वेळी मोजा. ही तिन्ही आमच्यात एकमेकांत गुंतलेली असतात, एकाचा दोर ओढला की दुसरं हलतं. नैराश्य असलेल्यांना बाहेर ठेवू नका. काठी किंवा खुर्ची वापरणाऱ्यांनाही नको. केंद्रापर्यंत रोज येणं त्यांना झेपत नाही, पण घरी देखरेखीखाली हे जमतं हे तुमच्यातल्याच काहींनी दाखवून दिलं आहे. आणि सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा विचारा. चार आठवड्यांचा गुण चारच आठवडे राहणार असेल तर तेही आम्हाला आधी कळू द्या.

निकाल ‘नाही’ आला तर ‘नाही’ छापा. मला भीती ‘नाही’ची नाही. उपयोग नाही असं ठाम कळलं तर मी पट्ट्याचा नाद सोडेन, आणि तो ओळखीचा रुग्णही कदाचित सोडेल. हेलसिंकी जाहीरनामा, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाचे नीतिनियम, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत लिहिलं आहे की सहभागींना अभ्यासाचा एकंदर निष्कर्ष कळण्याची सोय असली पाहिजे, नकारात्मक आणि अनिर्णित निकालही उघड केले पाहिजेत, आणि अभ्यासात गुणकारी ठरलेला उपचार ज्यांना अजून लागतो त्यांना तो पुढेही मिळण्याची तजवीज अभ्यास सुरू होण्याआधीच झाली पाहिजे. मी सही केलेल्या संमतिपत्रात या जाहीरनाम्याचं नाव होतं. मी ते पान जपून ठेवलं आहे.

समित्यांना वेगळं एक सांगते. मार्गदर्शक सूचनांत ‘पुरेसा पुरावा नाही’ असं लिहून पान उलटू नका. कोणता पुरावा नाही, किती जणांचा लागेल, कोणत्या प्रश्नाचा, ते लिहा. आणि ते लिहिताना खोलीत आमच्यातलं कुणीतरी बसलेलं असू द्या, बोलायला जास्त वेळ लागला तरी.

माझं वैयक्तिक काम त्याहून लहान आहे. त्या अभ्यासात मला सहभागी क्रमांक होता, चार आकडी. तो अजून तोंडपाठ आहे, हे माझ्यासाठी थोडं नवलच. तुमच्या कुठल्यातरी संगणकात त्या क्रमांकासमोर एक रकाना आहे आणि त्यात दोनांतला एक शब्द भरलेला आहे. अभ्यास संपला आहे, गुपित राखायचं आता कारण उरलेलं नाही. लांब पत्र नको, एक ओळही नको. तो शब्द तेवढा कळवा.

कळावे,
एमएस असलेली, पूर्वी गणित शिकवणारी
तुमची एक सहभागी